चोर सोडून सेन्सरला फाशी

गाडी सुरू होते, पट्टा लागतो, पण डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा काही विझत नाही. गाडी तशी व्यवस्थित चालते. फार तर अ‍ॅव्हरेज थोडं उतरलेलं असतं, सिग्नलला थांबल्यावर इंजिन जरा थरथरतं. गॅरेजमध्ये स्कॅनर लागतो, पडद्यावर कोड येतो, त्याच्या वर्णनात कुठेतरी 'ओ-टू सेन्सर' असं लिहिलेलं असतं आणि निदान तिथेच संपतं: "सेन्सर गेलाय, बदलून टाकू." काही हजारांचं बिल होतं. दिवा विझतो, कारण कोड पुसलेला असतो. आठ-पंधरा दिवसांत तो पुन्हा पेटतो आणि मग मालक म्हणतो, सेन्सर डुप्लिकेट निघाला.

बहुतेक वेळा तो डुप्लिकेट नसतो आणि आधीचाही खराब नसतो. ऑक्सिजन सेन्सर धुरात जे आहे ते सांगत असतो. ते ऐकायचं सोडून सांगणाऱ्यालाच काढून टाकण्याची रीत आपल्याकडे रूढ झाली आहे. तो काय पाहतो आणि काय पाहू शकत नाही हे एकदा नीट समजलं, तर मेकॅनिकशी बोलताना योग्य प्रश्न विचारता येतात आणि निम्मी बिलं टळतात. पुढचं सगळं पेट्रोल आणि सीएनजीच्या गाड्यांबद्दल आहे. डिझेलचं तंत्र वेगळं, तिथला धूर मुळातच ऑक्सिजनने भरलेला असतो, म्हणून तो विषय इथे घेतलेला नाही.

हा सेन्सर असतो कुठे? इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डवर किंवा त्याच्या लगेच खालच्या नळीत, स्पार्क प्लगसारखा दिसणारा आणि मागे चार वायरींची शेपटी असलेला एक भाग आट्यांनी बसवलेला दिसेल. तोच. त्याच्या पुढे फुगीर डबा असतो, तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. डब्याच्या पलीकडे तसाच आणखी एक सेन्सर असतो. दोघांचं रूप सारखं असलं तरी काम वेगळं आहे. त्याकडे नंतर येऊ.

एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा त्याहून जास्त झाली तर मिश्रण 'लीन', पेट्रोल जास्त झालं तर 'रिच'. प्रत्यक्ष मिळालेली हवा आणि लागणारी हवा यांच्या गुणोत्तराला लॅम्बडा म्हणतात. नेमकं मिश्रण असेल तेव्हा ते १ असतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या या आकड्याच्या आसपास, कधी अलीकडे कधी पलीकडे, खुशाल चालत. अडचण आली ती कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळे. त्याला एकाच वेळी दोन उलटी कामं करायची असतात. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेल्या हायड्रोकार्बनला ऑक्सिजन द्यायचा, आणि नायट्रोजन ऑक्साइडकडून ऑक्सिजन काढून घ्यायचा. मिश्रण लीन झालं की नायट्रोजन ऑक्साइड तसेच निसटतात, रिच झालं की बाकीचे दोन. लॅम्बडा १ च्या अगदी जवळच्या अरुंद पट्ट्यातच तिन्ही विषं एकदम कमी होतात. तो पट्टा सांभाळायचा तर धुरात डोकावून सतत खबर देणारं कुणीतरी हवं होतं. बॉश कंपनीने बनवलेला असा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या कॅलिफोर्नियासाठीच्या गाड्यांत पहिल्यांदा बसला, कारण धुराचे सर्वांत कडक नियम तेव्हा तिथे होते.

आपल्याकडे या वाटेत शिसं आडवं होतं. शिसेयुक्त पेट्रोलचा धूर प्लॅटिनमवर थर चढवतो, आणि कन्व्हर्टर व सेन्सर दोघांचाही जीव प्लॅटिनममध्ये असतो. १९९५ मध्ये चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल आलं आणि नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचंच पेट्रोल मिळू लागलं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर तर कम्यूटर मोटरसायकलींनाही फ्युएल इंजेक्शन आणि त्यासोबत हा सेन्सर मिळाला. म्हणून बुलंद आवाजाच्या हौसेने बाजारातला सायलेन्सर बसवणाऱ्यांनी एवढं पाहावं, की त्या नळीत सेन्सरसाठी आट्यांची जागा आहे का. नसली तर सेन्सर हवेत लोंबकळत ठेवून गाडी चालवणारे महाभाग आहेत. तसा सेन्सर 'ऑक्सिजन भरपूर आहे' एवढंच सांगत राहतो, आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत जातो.

आत काय चालतं

सेन्सरच्या टोकाला, भोकं पाडलेल्या धातूच्या टोपणाआड, झिर्कोनियम ऑक्साइडच्या सिरॅमिकचा भाग असतो. त्यात थोडं इट्रियम ऑक्साइड मिसळलेलं असतं आणि दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा पातळ, सच्छिद्र थर. एका अंगाला इंजिनाचा धूर लागतो, दुसऱ्या अंगाला बाहेरची स्वच्छ हवा, जिच्यात सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. हे सिरॅमिक थंड असताना काहीच करत नाही. ते ३०० ते ३५० अंश सेल्सिअसच्या पुढे तापलं, की त्यातून ऑक्सिजनचे आयन सरकू शकतात. दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये जितकी तफावत, तितका विद्युतदाब. या नात्याचं गणित जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्येच मांडलं होतं. पुढे त्यांनी बनवलेल्या विजेच्या दिव्यातही झिर्कोनियाचीच कांडी तापून उजेड देत असे. मोटारीशी दोन्हींचा तेव्हा काही संबंध नव्हता.

धुरात ऑक्सिजन उरला असेल, म्हणजे मिश्रण लीन असेल, तर दाब ०.१ व्होल्टच्या आसपास राहतो. मिश्रण रिच झालं की तो ०.९ व्होल्टकडे उडी मारतो. मधला ०.४५ व्होल्ट हा उंबरठा. ही उडी लॅम्बडा १ पाशी जवळजवळ उभी असते, आणि सेन्सरचा गुण व मर्यादा दोन्ही त्यातच आहेत. उंबरठ्याच्या कुठल्या बाजूला आहोत हे तो अचूक सांगतो. किती आत किंवा किती बाहेर आहोत हे सांगू शकत नाही.

त्यामुळे गाडीचा कॉम्प्युटर, ज्याला गॅरेजमध्ये ईसीएम म्हणतात, एक साधी युक्ती करतो. सेन्सर 'लीन' म्हणेपर्यंत पेट्रोल कमी करत जायचं, मग 'रिच' म्हणेपर्यंत वाढवत जायचं. म्हणून इंजिन गरम असताना पहिल्या सेन्सरचा आलेख पाहिला तर तो खालून वर, वरून खाली असा सतत झुलताना दिसतो. हा झोका म्हणजे बिघाड नव्हे. तो थांबला तर काळजी करायची.

सिरॅमिक तापलेलं असायला हवं, म्हणूनच चार वायरी. दोन सिग्नलच्या आणि दोन आतल्या हीटरच्या. पूर्वी एका वायरीचे सेन्सर असत, ते धुरानेच तापायचे आणि तोवर इंजिन आंधळेपणी चालायचं. हीटरमुळे आता सेन्सर अर्ध्या मिनिटाच्या आत कामाला लागतो. तोपर्यंत आणि पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर ईसीएम सेन्सरचं ऐकत नाही, स्वतःच्या तक्त्यावरून पेट्रोल देतो. स्कॅनरवर या अवस्थेला 'ओपन लूप' आणि सेन्सरचं ऐकण्याच्या अवस्थेला 'क्लोज्ड लूप' म्हणतात. इंजिन गरम होऊनही गाडी 'ओपन लूप'मध्येच असेल, तर आधी कूलंटच्या तापमानाचा सेन्सर तपासा. तो 'इंजिन थंड आहे' असं खोटं सांगत असला, तर ईसीएम ऑक्सिजन सेन्सरकडे बघणारच नाही.

नव्या अनेक गाड्यांत पहिल्या जागी 'वाइडबँड' सेन्सर असतो. त्याच्या शेपटीत सहसा पाच वायरी असतात. त्यात एक जास्तीचा कप्पा ऑक्सिजन आत ओढतो किंवा बाहेर ढकलतो, आणि त्यासाठी लागणाऱ्या विद्युतप्रवाहावरून लॅम्बडाचा नेमका आकडा मिळतो. तुम्हाला एवढंच माहीत हवं, की अशा सेन्सरचा आलेख झुलत नाही, स्थिर राहतो, आणि पुढे सांगितलेल्या व्होल्टच्या चाचण्या त्याला लागू होत नाहीत. वायरी आधी मोजा.

तो पेट्रोल पाहत नाही

हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही. धुरात उरलेला ऑक्सिजन, एवढंच त्याला दिसतं. तो ऑक्सिजन कुठून आला हे त्याला कळत नाही. बहुतेक चुकीची निदानं इथून सुरू होतात.

समजा, एका सिलिंडरचा स्पार्क प्लग ठिणगी देत नाही. गॅरेजच्या भाषेत गाडी 'मिसिंग' करते आहे. त्या सिलिंडरमधलं पेट्रोलही जळलं नाही आणि हवाही. दोन्ही तसेच धुरात आले. माणसाच्या नाकाला कच्च्या पेट्रोलचा वास येतो, सेन्सरला मात्र न वापरलेला ऑक्सिजन दिसतो. तो म्हणतो, लीन. ईसीएम पेट्रोल वाढवतो, चांगल्या सिलिंडरांनाही. अ‍ॅव्हरेज कोसळतं, प्लग काळे पडतात, कन्व्हर्टरमध्ये कच्चं पेट्रोल जळून तो भाजून निघतो. कोड मात्र 'लीन' असा येतो, आणि कुणीतरी सेन्सर बदलतो. खरा इलाज प्लगचा किंवा इग्निशन कॉइलचा होता.

दुसरं उदाहरण मॅनिफोल्डच्या गॅस्केटचं. सेन्सरच्या आधी धुराच्या वाटेत बारीक फट पडली, तर धूर बाहेर जातो असं आपल्याला वाटतं. पण धूर धक्क्याधक्क्याने वाहतो. दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी नळीतला दाब उतरतो आणि त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर पुन्हा म्हणतो, लीन. अशी फट थंड इंजिनावर, गाडी सुरू केल्या केल्या, 'टिक-टिक' आवाजाने ओळखू येते. धातू तापून फुगला की आवाज बंद होतो. म्हणून गाडी रात्रभर गॅरेजला ठेवून सकाळी तपासायला सांगणारा मेकॅनिक वेळकाढूपणा करत नसतो.

स्वतः बघायचं कसं

स्टीअरिंगच्या खाली, चालकाच्या गुडघ्याजवळ, ओबीडीचं सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्यात बसणारा ब्लूटूथ अडॅप्टर ऑनलाइन स्वस्तात मिळतो आणि फोनवरच्या मोफत अ‍ॅपवर कोड तर दिसतातच, शिवाय चालू इंजिनाचे आकडेही दिसतात. कोडपेक्षा हे आकडे जास्त बोलके असतात. कोड पुसण्याचं बटण त्याच अ‍ॅपमध्ये असतं. त्याला सुरुवातीला हात लावू नका. कोड नोंदवला गेला तेव्हा इंजिनाचा वेग, तापमान आणि भार किती होता हे 'फ्रीझ फ्रेम' नावाने साठवलेलं असतं आणि कोडासोबत तेही पुसलं जातं. आधी त्याचा फोटो काढा.

मग दोन आकडे शोधा: शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम. सेन्सरच्या सांगण्यावरून ईसीएम आपल्या मूळ हिशेबात किती टक्के भर घालतो आहे किंवा काट मारतो आहे, ते यात दिसतं. पहिला क्षणाक्षणाला बदलतो, दुसरा हळूहळू शिकत जातो. दोघांची बेरीज पाच-सात टक्क्यांच्या आत, अधिक असो वा उणे, तर सगळं ठीक. अधिक दहाच्या पुढे गेली तर ईसीएम सतत पेट्रोल वाढवतो आहे, उणे दहाच्या खाली गेली तर कमी करतो आहे. बऱ्याच गाड्यांत हा ताण वीस-पंचवीस टक्क्यांवर गेला की पी०१७१ म्हणजे 'लीन' किंवा पी०१७२ म्हणजे 'रिच' हा कोड येतो.

आता इंजिन गरम करून आकडे दोनदा टिपा: आयडलवर, आणि २५०० आरपीएम धरून. आयडलवर ट्रिम अधिक वीस आणि २५०० वर अधिक चार असेल, तर इनटेकच्या बाजूला कुठेतरी रबरी पाइप तडकला आहे आणि न मोजलेली हवा आत येते आहे. वेग वाढला की एकूण हवेच्या मानाने ती नगण्य होते. याच्या उलट, आयडलवर ठीक पण वेगाला ट्रिम वाढत गेला, तर पेट्रोल पुरत नाही: पंप थकला आहे किंवा फिल्टर तुंबला आहे. यात एक मेख आहे. हा हिशेब हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाड्यांत चोख बसतो. आपल्या रस्त्यांवरच्या अनेक छोट्या गाड्या हवा थेट मोजत नाहीत, मॅनिफोल्डमधल्या दाबावरून तिचा अंदाज बांधतात. त्यांच्यात फुटक्या पाइपातून आलेली हवाही हिशेबात धरली जाते, म्हणून ट्रिम फारसा हलत नाही आणि आयडल मात्र चढलेलं राहतं.

ट्रिम खूप उणे असेल तर ठिबकणारा इंजेक्टर किंवा टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा, उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह पाहा. टाकी भरल्यानंतर गाडी सुरू व्हायला कुरकुरत असेल तर पर्ज व्हॉल्व्हवर संशय आधी. एअर फिल्टर मळला की गाडी रिच होते हा समज कार्ब्युरेटरच्या काळातला आहे. इंजेक्शनच्या गाडीत ईसीएम आलेल्या हवेपुरतंच पेट्रोल देतो. फिल्टर तुंबला तर ताकद कमी होईल, मिश्रण सहसा बिघडणार नाही.

सीएनजीवाल्यांनी हे आकडे दोन्ही इंधनांवर वेगवेगळे पाहावेत. एक किलो सीएनजीला सुमारे १७.२ किलो हवा लागते, पेट्रोलपेक्षा बरीच जास्त. सेन्सरला त्याचं सोयरसुतक नाही, तो ऑक्सिजनच पाहतो, म्हणून एकच सेन्सर दोन्ही इंधनांवर चालतो. पेट्रोलवर ट्रिम ठीक आणि सीएनजीवर अधिक वीस, तर दोष गॅसच्या रेग्युलेटरचा, फिल्टरचा किंवा किटच्या ट्यूनिंगचा. हे पाच मिनिटांत कळतं आणि सेन्सर तत्काळ निर्दोष सुटतो. बाहेरून बसवलेल्या किटच्या गाड्यांत आणखी एक घोळ होतो. किट नीट ट्यून केलेलं नसेल तर ईसीएम सीएनजीवर शिकलेली चुकीची भर पेट्रोलवरही वापरतो, आणि सकाळी पेट्रोलवर सुरू होताना गाडी खोकते. मग पेट्रोलच्या पंपापासून सगळं बदलून होतं. सीएनजीवर स्पार्क प्लगही लवकर झिजतात, आणि झिजलेला प्लग म्हणजे पुन्हा तेच 'मिसिंग', तोच खोटा 'लीन'.

ई-२० पेट्रोलचंही इथेच बोलून घेऊ. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला जळायला बाहेरची हवा कमी लागते, वजनाच्या सुमारे नऊपट. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं नेमकं प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येतं. जुन्या तक्त्याच्या गाडीत तेवढंच पेट्रोल दिलं तर धुरात ऑक्सिजन उरतो, सेन्सर तो दाखवतो आणि ईसीएम काही टक्के भर घालतो. तेव्हा लाँग टर्म ट्रिम अधिक चार-पाचवर स्थिरावला असेल, तर ती सेन्सरची तक्रार नाही. पण गाडीत आधीच अधिक आठची छोटी चूक दडलेली असेल, तर ई-२० तिला कोडपर्यंत नेऊ शकतं. पेट्रोल बदललं आणि दिवा लागला असं म्हणणारे अनेकदा खरं बोलत असतात, फक्त कारण अर्धंच पाहत असतात.

आता दुसरा सेन्सर, कन्व्हर्टरच्या पलीकडचा. तो पेट्रोलचं प्रमाण ठरवत नाही. फार तर बारीकसा हातभार लावतो. त्याचं काम कन्व्हर्टरवर नजर ठेवणं. चांगला कन्व्हर्टर आतल्या सिरियम ऑक्साइडमध्ये ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, त्यामुळे पुढच्या बाजूचा झोका मागे पोहोचेपर्यंत विरून जातो. म्हणून दुसऱ्या सेन्सरचा आलेख ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास शांत दिसायला हवा. तोही पहिल्यासारखा झुलू लागला, तर कन्व्हर्टर थकला, आणि पी०४२० येतो. या कोडवर दुसरा सेन्सर बदलून देणारी गॅरेजं आहेत. तो सेन्सर मरतुकडा असता तर आलेख झुललाच नसता. जो जोरात झुलतो आहे, तो धडधाकट आहे. त्याच्या जवळची नळी गळकी नाही एवढी खात्री मात्र करा. आणि कन्व्हर्टर बदलण्याआधी तो कशाने मेला हे शोधा. बहुतेक वेळा उत्तर 'मिसिंग' किंवा तेल पिणारं इंजिन हे असतं, आणि ते तसंच ठेवून बसवलेला महागडा कन्व्हर्टरही त्याच मार्गाने जातो.

सेन्सर खरोखरच मरतो तेव्हा काय दिसतं? सर्वांत जास्त वेळा जातो तो हीटर. पहिल्या सेन्सरसाठी पी०१३५, दुसऱ्यासाठी पी०१४१. इथे निदान सोपं आहे. आधी फ्यूज पाहा. हीटरचा फ्यूज अनेक गाड्यांत इतर भागांशी सामाईक असतो. मग इंजिन थंड असताना कपलर सोडून हीटरच्या दोन वायरींत मल्टिमीटर लावा. त्या दोन वायरी सहसा एकाच रंगाच्या असतात. काही ओहमचा, फार तर वीसच्या आतला रोध दिसला तर हीटर शाबूत. काहीच दिसलं नाही तर तो तुटला. फ्यूज आणि हीटर दोन्ही ठीक असतील तर वायरिंगवर हात फिरवा. पावसाळ्यात बॉनेटखाली आसरा घेणारे उंदीर वायरीच्या आवरणावर ताव मारतात, आणि शंभर रुपयांच्या वायरीसाठी सेन्सर बदलला जातो.

सेन्सर मंदावणं हा दुसरा प्रकार, पी०१३३. साध्या चार वायरींच्या सेन्सरची चाचणी अ‍ॅपवरच होते. गरम इंजिन २५०० वर धरा: झोका सेकंदाला एखादी तरी फेरी घेतो का पाहा. मग अ‍ॅक्सिलरेटरला झटका द्या: दाब ०.८ च्या वर उडायला हवा. सोडून द्या: इंजेक्टर क्षणभर बंद होतात, धुरात निव्वळ हवा येते, दाब ०.१ वा त्याखाली कोसळायला हवा. दोन्ही टोकं चटकन गाठत असेल तर सेन्सर निर्दोष आहे, कोडमध्ये त्याचं नाव कितीही वेळा येवो. ०.४५ वर चिकटून बसला असेल तर तो थंड आहे, तुटला आहे किंवा कपलर सुटला आहे. हीटरवाले सेन्सर सहज लाख-दीड लाख किलोमीटर काढतात, तेव्हा ४० हजारांवर 'वयोमानाने गेला' हे कारण पटवून घेऊ नका.

पाण्याबद्दल एक सूचना. तापलेल्या सिरॅमिकवर पाण्याचा शिंतोडा पडला तर ते तडकतं. गुडघाभर पाण्यातून गाडी काढली आणि दुसऱ्या दिवशी दिवा लागला, तर दुसऱ्या सेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे. तो गाडीच्या पोटाखाली असतो. आधी कपलर उघडून वाळू द्या, मगच निकाल लावा.

बदलायचाच ठरला, तर काही गोष्टी सांगून करून घ्याव्या लागतात. सेन्सर इंजिन कोमट असताना काढावा. पुरता थंड झाला की आटे धरून बसतात, लालबुंद असताना हात भाजतो. साधारणतः २२ चा पाना लागतो, वायर जाईल अशी खाच असलेला सॉकेट असेल तर उत्तम. नव्या सेन्सरच्या आट्यांवर बहुधा आधीच ग्रीस लावलेलं असतं. वरून लावायचंच असेल तर सेन्सरसाठीचंच, आणि फक्त आट्यांना. टोकाला लागलं तर नवा सेन्सर बसवण्याआधीच बिघडेल. हातातून फरशीवर पडलेला सेन्सर परत करावा, आत सिरॅमिक आहे. वायर कापून जोडण्यापेक्षा मूळ कपलरचाच सेन्सर घ्यावा: अनेक सेन्सर तुलनेसाठीची स्वच्छ हवा वायरींच्या आतूनच ओढतात, आणि डाग मारलेला जोड ती वाट बंद करतो. त्याच कारणाने कपलरमध्ये क्लीनरचे फवारे मारू नयेत. इंजिनाच्या कामात सिलिकॉन सीलंट वापरणार असतील तर पुडक्यावर 'सेन्सर सेफ' लिहिलं आहे का पाहा. साध्या सिलिकॉनची वाफ सेन्सरला कायमची आंधळी करते.

सेन्सर पेट्रोलमध्ये बुडवून, ब्रशने घासून 'साफ' करण्याचा उद्योग व्हिडिओंत लोकप्रिय आहे. काजळी तशीही सेन्सर तापला की जळून जाते. सिलिकॉन आणि तेलाची राख ब्रशने निघत नाही, प्लॅटिनम मात्र निघतं. त्याहून वाईट सल्ला म्हणजे दुसऱ्या सेन्सरखाली लांब नळकांडं लावून किंवा खोटा सिग्नल देणारी डबी जोडून दिवा विझवण्याचा. असा दिवा विझवला की कन्व्हर्टर मेल्याचं पुन्हा कधीच कळणार नाही. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल गाड्यांच्या पीयूसी चाचणीत २५०० च्या आसपास इंजिन धरून लॅम्बडा ०.९७ ते १.०३ मध्ये आणि कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत असणं अपेक्षित आहे. केंद्रावर ती चाचणी किती मनापासून होते हे आपण सारे जाणतो, पण तुमच्या पावतीवर लॅम्बडाचा रकाना असेल तर वाचा. सेन्सर बरोबर सांगतोय का हे तपासणारं ते दुसरं यंत्र तुम्हाला फारसा खर्च न करता मिळालेलं असतं.

आणि काढलेला जुना सेन्सर मागून घ्या, तो तुमचा आहे. टोक फिकट राखाडी किंवा तपकिरी असेल तर तो नेहमीसारखाच जगला. कोरडी काळी काजळी असेल तर गाडी रिच चालत होती आणि ते कारण अजून तिथेच आहे. ओलसर, तेलकट काळं असेल तर इंजिन तेल पितं आहे. पांढरा, खडूसारखा थर दिसला, तर सिलिकॉन किंवा कूलंट. आणि त्यातच कूलंटची टाकी दर महिन्याला थोडी उतरत असेल, तर हेड गॅस्केटची तपासणी होईपर्यंत नवा सेन्सर खोक्यातच ठेवायला सांगा.